अँप सारखा बंद पडतोय? नवा देण्याआधी मीटर लावा

कार अ‍ॅक्सेसरीजचं दुकान टाकायचं म्हणणारे बरेच जण आपल्या क्लासला येतात. सीट कव्हर, मॅटिंग, फिल्म, कॅमेरा हे सगळं चार महिन्यांत जमतं. पोरं अडकतात ती म्युझिकला, आणि त्यातही वूफरच्या अँपला. या वेळच्या व्हिडिओत पारनेरच्या एका दुकानातलं काम दाखवलंय. व्हिडिओत आकडे भराभर गेले, म्हणून इथे नीट लिहून देतोय. वही घेऊन बसा.

दुकान पारनेरमधलं, मालक पंचविशीतला. त्याचं एक गिऱ्हाईक सुप्याच्या एमआयडीसीत कामाला आहे, रोज पारनेर-सुपा ये-जा करतं. गाडी छोटी हॅचबॅक, डिक्कीत १२ इंची वूफर आणि मोनो अँप. गाणं जोरात लावलं की दोन-तीन मिनिटांत बेस गायब, अँपवर लाल दिवा. बंद करून चालू केलं की परत वाजतो, परत जातो. आपल्या पोराने पहिला अँप बदलून दिला. आठ दिवसांनी गाडी परत दारात. दुसराही बदलला, आणि गाडी तिसऱ्यांदा आली. होलसेलवाल्याने दोन्ही अँप टेबलावर तासभर वाजवून दाखवले आणि "माल ओके आहे, परत घेणार नाही" म्हणून सांगितलं. वॉरंटी गेली, दोन वापरलेले अँप अंगावर पडले. गिऱ्हाईक तर अख्ख्या शिफ्टला सांगत सुटलं की त्या दुकानात डुप्लिकेट माल देतात. दुकानाचं भाडं थकत आलं होतं. पोरगा फोनवर म्हणाला, "सर, म्युझिकचं काम बंदच करतो." मी म्हटलं, "अरे थांब, मीटर लावलास का?" उत्तर नाही आलं.

मूळ गोष्ट अशी की लाल दिवा लागून अँप बंद होतो तेव्हा बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो. स्वतःला वाचवायला तो बाजूला होतो. कशापासून वाचतोय ते शोधणं हे आपलं काम. कारणं मोजकीच आहेत: व्होल्टेज खाली पडलं, वूफरच्या बाजूला शॉर्ट किंवा फार कमी ओहम, किंवा गरम झाला. अँप आतून जळालाय ही शक्यता आहेच, पण ती सगळ्यात शेवटी धरायची.

मीटर काढायच्या आधी गिऱ्हाइकाला दोन मिनिटं विचारा, "दादा, बंद कधी पडतो?" चालू केल्या केल्या लाल दिवा येत असेल तर स्पीकरची वायर किंवा अँपच. जोरात बेस आला की जातो, तर व्होल्टेज किंवा ओहम. वीस-पंचवीस मिनिटं छान वाजतो, मग जातो आणि थोड्या वेळाने आपोआप येतो, तर उष्णता. खड्ड्यात गाडी आदळली की जातो, तर कुठेतरी लग ढिला आहे किंवा वायरचा एखादा तार बॉडीला टेकतोय. आणि लाल दिवा न लागता अँप पूर्णच विझत असेल तर फ्यूज होल्डर आणि रिमोटची बारीक वायर आधी पाहा. तिच्यावर १२ व्होल्ट येत-जात असतील तर अँप बिचारा काय करणार? या प्रश्नांनी निम्मं काम होतं, आणि समोरच्यालाही कळतं की हा माणूस अंदाजाने पान्हा फिरवत नाहीये.

आपल्या गाडीचं उत्तर होतं "जोरात बेस आला की". म्हणून मल्टिमीटर डीसी व्होल्टला लावून थेट अँपच्या टर्मिनलवर धरला. इंजिन चालू, गाणं बंद: १३.६ व्होल्ट. एकदम झकास. इथेच बरेच जण "सप्लाय ओके" म्हणून मीटर खिशात घालतात. करंट ओढलाच जात नसेल तर खराब वायरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते, हे लक्षात ठेवा. माप लोडवर घ्यायचं. गाणं जोरात लावलं, बेस पडला आणि मीटर १०.४ वर आला. लाल दिवा, अँप बंद. त्याच वेळी बॅटरीच्या टर्मिनलवर धरलेला दुसरा मीटर १३.३ दाखवत होता. म्हणजे बॅटरी ठणठणीत, अल्टरनेटर ठणठणीत, आणि २.९ व्होल्ट मधल्या रस्त्यात गायब.

ते कुठे गेले ते शोधायची युक्ती साधी आहे. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं अँपच्या प्लसवर, आणि गाणं चालू. जो आकडा येतो तेवढे व्होल्ट प्लसच्या वायरीत खर्च होतात. इथे १.१ आला. मग एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं अँपच्या मायनसवर: १.८. बेरीज २.९. हिशोब जुळला. प्रोबला लांब वायर जोडावी लागते, पाच मीटरची बारीक वायर दुकानात कायम ठेवा. दोन्ही बाजू मिळून अर्ध्या व्होल्टच्या आसपास असेल तर चालतं. दीड-दोन व्होल्ट गेले की काम काढायचं.

१.८ चा चोर लगेच सापडला. अर्थ सीटबेल्टच्या बोल्टला दिला होता, रंगावरच. (सीटबेल्टचा बोल्ट तसाही अर्थसाठी खोलायचा नाही, तो जिवाशी खेळ आहे.) अर्थ अँपपासून हातभर अंतरात, बॉडीच्या जाड पत्र्याला द्या. पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करा, लग नीट दाबून नट-बोल्टने घट्ट आवळा आणि वरून ग्रीस किंवा रंग लावा, नाहीतर पावसाळ्यात गंज ठरलेला. अर्थची वायर प्लसच्या वायरीइतकीच जाड हवी. पोरं प्लसला जाड वायर टाकतात आणि अर्थला उरलेला तुकडा लावतात. करंट जेवढा जातो तेवढाच परत येतो, मग परतीचा रस्ता अरुंद ठेवून कसं चालेल?

आता प्लसकडचे १.१. वायर किट स्वस्तातलं होतं. वायर बाहेरून अंगठ्याएवढी, सोलली तर आत करंगळीएवढीही नाही. एक तार ब्लेडने खरवडला तर तांब्याखाली पांढरा निघाला. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशी वायर त्याच जाडीच्या तांब्याच्या मानाने साधारण दोन-तृतीयांशच करंट-वाहू असते, आणि जाडीही कमी असेल तर विषय संपला. सोपा उपाय म्हणजे इलेक्ट्रिकलच्या दुकानातून १६ स्क्वेअर एमएमची तांब्याची फ्लेक्सिबल केबल मीटरवर घ्या. फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत हवा. तो वायर पेटू नये म्हणून असतो, त्यामुळे वायरीच्या ताकदीनुसार टाकायचा. फ्यूज उडतोय म्हणून मोठा टाकणाऱ्याने गाडी पेटवायची तयारी ठेवावी.

किती करंट लागतो ते खोक्यावर वाचू नका. या अँपच्या खोक्यावर ३००० वॅट लिहिलं होतं, आणि अंगावर २५-२५ चे दोन फ्यूज. ५० अँपिअर गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे ६९० वॅट आत जातात. क्लास डी अँपचे त्यातले ८० टक्के बाहेर आले तरी ५५० च्या आसपास. ३००० कुठून येणार? गिऱ्हाइकाला हे गणित कागदावर करून दाखवा. पुढच्या वेळी तो ऑनलाइनचा भाव घेऊन तुमच्याशी भांडणार नाही.

ओहमचं थोडक्यात. वूफरला ४-४ ओहमच्या दोन कॉइल असतील तर पॅरलल जोडल्यावर २ ओहम, सिरीजमध्ये ८. असे दोन वूफर सगळेच पॅरलल जोडले की १ ओहम. अँपवर किमान २ लिहिलं असेल तर तो बंद पडणारच. मोजताना अँप बंद करून वूफरच्या वायरी अँपमधून काढा. मीटरचे दोन्ही प्रोब एकमेकांना लावून जो आकडा येतो तो वजा करा. २ ओहमचा वूफर मीटरवर १.६-१.८ दाखवतो, ते बरोबर आहे. शून्याजवळ आला तर कॉइल किंवा वायर शॉर्ट. वूफरची एकेक वायर गाडीच्या बॉडीशीही तपासा, तिथे काहीच जोड दिसायला नको.

उष्णतेचं तर आपल्याकडे विचारूच नका. चैत्र-वैशाखात कंपनीच्या पार्किंगला दिवसभर उन्हात गाडी, आणि अँप कार्पेटखाली दाबलेला. त्याला चहूबाजूंनी दोन-तीन बोटं हवा मोकळी हवी.

गेन म्हणजे आवाजाचं बटण समजून शेवटपर्यंत पिळणारेही कमी नाहीत. वूफर काढा, डेकचा आवाज पाऊणवर ठेवा, बेस बूस्ट शून्य करा, ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा आणि अँपच्या आउटपुटवर एसी व्होल्ट मोजा. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ५०० वॅट आणि २ ओहम म्हणजे १००० चं वर्गमूळ, ३१.६ व्होल्ट. तिथे गेन थांबवायचा. आपल्या गाडीत तो ४० च्या पुढे होता, म्हणजे अँप आवाज फाडून देत होता आणि फुकट करंट ओढत होता.

आता धंद्याचं बोलू. त्या दिवसापासून पोराने तपासणीचे ३०० रुपये लावलेत. काम केलं तर बिलातून वजा, नाही केलं तर ३०० ठेवून जायचं. पहिल्यांदा त्याची जीभ उचलत नव्हती. "सर, नुसतं बघायचे पैसे गावात कोण देतं?" मी म्हटलं, आधी सांगितलेस तर देतात, नंतर मागितलेस तर भांडतात. शिवाय प्रत्येक गाडीचं जॉब कार्ड: गाडी नंबर, तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत, लोडवर बॅटरीचं आणि अँपचं व्होल्टेज, प्लसचा आणि अर्थचा ड्रॉप, वूफरचे ओहम. काम झाल्यावर तीच मापं परत घ्यायची, कार्डाचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवायचा. वॉरंटीचा वाद झालाच तर होलसेलवाल्यासमोर ठेवायला कागद असतो. स्वतःच्या फिटिंगमध्ये चूक निघाली, तर पैसे घ्यायचे नाहीत. इथे अर्थ आणि वायर दोन्ही आपल्याच पोराने टाकलेले, म्हणून मजुरी माफ, फक्त केबलचे पैसे घेतले. चूक त्याने तोंडावर कबूल केली. गिऱ्हाईक आधी तापलं, मग कार्ड बघून गप्प झालं.

शेवटची मापं, त्याच गाण्यावर, त्याच आवाजावर: बॅटरी १३.२, अँप १२.७, प्लस ०.३, अर्थ ०.२. सुप्याला जाऊन-येऊन बघितलं, दिवा निळाच राहिला. अंगावर पडलेल्या दोन अँपपैकी एक, वापरलेला आहे असं सांगून, कमी भावात गेला. घेणारा त्याच शिफ्टमधला होता.