सायकलीचा रंग

सायकल कोणत्याही रंगाची असली, तरी तिची चाके सारखीच फिरतात. रंगामुळे चढ सोपा होत नाही, समोरचा वारा मागे हटत नाही, की रस्त्यातला खिळा चुकत नाही. असे असूनही मुलाला सायकलीच्या दुकानात नेले, की तो ब्रेक दाबून पाहत नाही किंवा टायर चाचपून पाहत नाही, तो बोट दाखवून म्हणतो, "मला ती लाल हवी!" वडीलधारी माणसे यावर हसतात. मीही पुष्कळदा हसलो आहे. परंतु हा हट्ट निव्वळ पोरकटपणाचा आहे काय, असा विचार मनात आला, म्हणजे मला पिंपरीतील एक जुनी रात्र आठवते.

त्या काळी पिंपरी-चिंचवड हे आजच्यासारखे महानगर नव्हते. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी औषधांचा कारखाना निघाला. पुढे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि चिंचवड, आकुर्डी, भोसरीच्या माळांवर एकामागून एक कारखाने उभे राहिले. १९७० साली येथे नगरपालिका आली. महानगरपालिका व्हायला १९८२ साल उजाडले. या कारखान्यांत काम करणारी बहुतेक माणसे आसपासच्या खेड्यांतून येत आणि ती सायकलवरूनच येत. पाळी सुटल्याचा भोंगा झाला, की फाटकातून सायकलींचा जो लोंढा बाहेर पडे, तो पाहण्यासाठी आम्ही मुले रस्त्याच्या कडेला उभी राहत असू. घंट्यांचा तो किणकिणाट अजून माझ्या कानांत आहे.

त्या शेकडो सायकली जवळजवळ सगळ्या काळ्या असत. हे काही दुःखाचे चिन्ह नव्हते किंवा लोकांना काळा रंग फार आवडत होता असेही नव्हे. सायकल लोखंडाची म्हणजे पोलादाच्या नळ्यांची. पोलादाला पाणी आणि हवा एकदम मिळाली, की त्यावर गंज चढू लागतो. गंज हा मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो वरचा रंग उचलून फेकतो आणि आतल्या आत पसरत जातो. म्हणून सायकलीचा रंग हे प्रथम तिचे पांघरूण आहे. शोभेचा विचार त्यानंतरचा. भट्टीत भाजून पक्का केलेला काळा एनॅमल रंग स्वस्त पडे आणि टिकेही फार. धूळ, ग्रीस, तेल यांचे डागही त्यावर उठून दिसत नसत. अमेरिकेतील फोर्ड यांची 'मॉडेल टी' ही प्रसिद्ध मोटारसुद्धा १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगातच मिळत असे. ज्या वस्तू लाखांनी तयार करावयाच्या आणि सामान्य माणसाला परवडतील अशा विकावयाच्या, त्यांच्या वाट्याला काळा रंग सहज येई.

माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात कामाला होते. आम्ही चिंचवड गावात राहत असू. मी तेव्हा सहावीत होतो. पगारातून दरमहा कापून घेण्याच्या बोलीवर वडिलांनी एक सायकल घेतली होती, अर्थातच काळी. मी हिरवीचा हट्ट धरला होता. त्यावर ते म्हणाले होते, "सायकल चाकांवर चालते बाळ, रंगावर नाही."

एके रात्री दुसरी पाळी संपवून ते नेहमीप्रमाणे साडेअकराच्या पुढे घरी आले. सायकल ओट्याला टेकवताना त्यांचा हात कॅरिअरला लागला आणि ते थबकले. कॅरिअरच्या चिमट्यात एक कापडी पिशवी होती. ती त्यांची नव्हती. कंदील आणून पाहिले, तर पिशवीत औषधाची बाटली, पुड्या आणि बिस्किटांचा एक छोटा पुडा निघाला. सायकलही त्यांची नव्हती! सायकलतळावर एकच दिवा मिणमिणत होता. त्यात मेकही तोच आणि रंगही तोच. आश्चर्य असे, की त्यांच्या किल्लीने ते दुसऱ्याचे कुलूपही उघडले होते. स्वस्त कुलुपांच्या किल्ल्या पुष्कळदा अशा एकमेकींना लागतात, हे मला नंतर कळले.

आईने ताट वाढले होते. वडील जेवले नाहीत. त्यांनी सायकल वळवली आणि ते कारखान्याच्या फाटकाशी परत गेले. तळावर त्यांची स्वतःची सायकल एकटीच उभी होती. पहारेकऱ्याने सांगितले, की मोशीचा एक गृहस्थ अर्धा तास आपली सायकल शोधत होता. शेवटी तो पायीच निघाला. त्याचे मूल तापाने आजारी आहे, असेही तो बोलून गेला होता. मोशी तेथून तीन कोस.

वडिलांनी आपली सायकल तेथेच राहू दिली आणि त्या गृहस्थाच्या सायकलवरून त्याचा पाठलाग सुरू केला. भोसरीच्या अलीकडे अंधारात एक माणूस भराभर चालताना त्यांना दिसला. तो रागावला असता, तर वडिलांना बरे वाटले असते, असे ते पुढे अनेकदा म्हणत. तो रागावला नाही. त्याने पिशवी चाचपून पाहिली, एवढेच म्हटले, "बाटली फुटली नाही ना?" आणि तो पायडल मारत निघून गेला. वडील भोसरीहून पिंपरीपर्यंत पायी आले, आपली सायकल घेतली आणि पहाटे घरी पोहोचले.

या प्रसंगातील एक गोष्ट मला मोठेपणी सुचली. वडिलांची किल्ली त्याच्या कुलुपाला लागली, तशी त्याची किल्लीही बहुधा वडिलांच्या कुलुपाला लागली असती. समोर एक सायकल उभी होती, घरी मूल आजारी होते आणि रात्रीची वेळ होती. तरीही त्याने ती किल्ली लावून पाहिली नाही.

पुढच्या रविवारी वडिलांनी बाजारातून पिवळ्या रंगाचा सर्वांत लहान डबा आणला आणि सायकलीच्या पुढच्या चिमट्यावर दोन्ही बाजूंना तीन-तीन पट्टे ओढले. ते काम त्यांनी फार लक्षपूर्वक केले. डब्यात रंग उरला, तेव्हा शेजारच्या दोघांनी तो मागून नेला. मग मी तळावर जाऊन सायकली नीट पाहू लागलो. प्रत्येकाने काही ना काही खूण केलेली होतीच. कोणी दांडीला रंगीत प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली होती, कोणी हँडलच्या मुठींना गोंडे बांधले होते, कोणाच्या चाकांच्या आऱ्यांत रंगीबेरंगी मणी ओवलेले होते, तर कोणी चेनकव्हरवर आपल्या ग्रामदैवताचे नाव रंगवून घेतले होते. भाड्याने सायकली देणारे दुकानदार तर मडगार्डवर पांढऱ्या रंगाने ठळक क्रमांकच घालत. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होई, तशी घरी सायकलीची होई. ती धुऊन, पुसून, झेंडूची माळ घातलेली काळी सायकल हळदीकुंकवाच्या बोटांनी किती निराळी दिसे!

रंगाचा याच्या अगदी उलट उपयोगही माणसाने केला आहे. पुण्यात कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचे जुन्या सायकलींचे संग्रहालय आहे. तेथे दुसऱ्या महायुद्धातील बी.एस.ए. कंपनीची घडीची सायकल आहे. हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांसाठी ती तयार केलेली होती. अशा सायकलींना मळकट हिरवा रंग देत, तो त्या झाडाझुडपांत दिसू नयेत म्हणून.

आपल्याला मात्र दिसायचे असते, विशेषतः रात्री. चाकण परिसरात आज मोटारींचे आणि दुचाकींचे मोठमोठे कारखाने आहेत. रात्रपाळीला सायकलवरून जाणारी माणसे अजूनही तेथील रस्त्यांवर दिसतात आणि त्यांच्या शेजारून अवजड मालट्रक धावत असतात. काळा पृष्ठभाग आपल्यावर पडलेला बहुतेक प्रकाश गिळून टाकतो. पांढरा पृष्ठभाग तो परत फेकतो. म्हणूनच जुन्या काळ्या सायकलींच्याही मागच्या मडगार्डचे टोक पांढरे रंगवलेले असे. लाल रंगाविषयी एक चमत्कारिक गोष्ट तुम्ही स्वतः पडताळून पाहा. दिवसा जास्वंदीचे लाल फूल पानांपेक्षा उठून दिसते. संध्याकाळ गडद होऊ लागली, की तेच फूल काळपट होते आणि पाने त्याच्यापेक्षा उजळ वाटतात. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना लाल रंग फार कमी जाणवतो. तेव्हा दुकानात डोळ्यांत भरलेली लाल सायकल अंधारात काळ्या सायकलीहून फारशी बरी नसते. मागे जो लाल परावर्तक बसवलेला असतो, त्याची युक्ती वेगळी आहे. त्याच्या आतील बारीक पैलू येणारा प्रकाश आल्या दिशेनेच परत पाठवतात. त्यामुळे ट्रकच्या दिव्यांचा उजेड थेट चालकाच्या डोळ्यांकडे परततो.

आता एका मुलाची गोष्ट सांगतो. मी मुख्याध्यापक असताना आमच्या शाळेत सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. तो चार किलोमीटरांवरून येई. जूनमध्ये रोज त्याला उशीर होऊ लागला. विचारले, की उत्तर ठरलेले: "गुरुजी, सायकल पंक्चर झाली." एकाच सायकलीला इतकी पंक्चर होत नाहीत, हे मला ठाऊक होते. एकदा त्याची आई भेटली, तेव्हा उलगडा झाला. थोरली बहीण महाविद्यालयात जाऊ लागली होती आणि तिची सायकल याच्याकडे आली होती. सायकल उत्तम होती. पण गुलाबी होती. मुले चिडवतील म्हणून तो ती घराबाहेर काढत नव्हता आणि पायी येत होता.

मी त्याला बोलावून घेतले आणि माझ्या परीने समजावले. आपल्याकडे लग्नात नवरदेव गुलाबी फेटा बांधून घोड्यावर बसतो, त्याला कोणी हसते काय? शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत तर गुलाबी हा मुलांचा आणि निळा हा मुलींचा रंग, असा सल्ला काही व्यापारी देत असत! त्याने सारे ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पायीच आला. चिडवणारी मुले त्याच्या वर्गात होती, माझी उदाहरणे नव्हती. हे मी ध्यानात घ्यायला हवे होते.

शेवटी त्याने स्वतःच उपाय केला. काळ्या रंगाचा डबा आणला आणि एका दुपारी गुलाबीवरच ब्रश फिरवला. आठ दिवस सायकल झोकात शाळेत आली. मग पावसाने जोर धरला. काळ्या रंगाचे पापुद्रे सुटू लागले. त्याखालून गुलाबी डोकावू लागला आणि जेथे खरचटले होते तेथे तांबूस गंज दिसू लागला. आता तर हसणाऱ्यांना चांगलेच निमित्त मिळाले.

त्याचा मामा चाकणच्या एका कारखान्यात रंगकामाच्या विभागात होता. तो रविवारी आला, सायकल पाहून मनसोक्त हसला आणि भाच्याला घेऊन अंगणात बसला. त्याने समजावले, ते असे: मोटारीचा सांगाडा रंगवण्यापूर्वी त्याचे तेलकटपण धुऊन काढतात, मग त्याला फॉस्फेटच्या द्रावणात न्हाऊ घालतात, त्यामुळे रंगाला धरायला जागा मिळते. नंतर तो रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने पहिला थर कानाकोपऱ्यांत बसवतात आणि भट्टीत भाजतात. त्यावर आणखी थर येतात, तरी सगळे मिळून जाडी जेमतेम एका मिलिमीटरचा दहावा भाग! मधे धुळीचा कणही राहू नये, म्हणून जगातील काही कारखान्यांत सांगाडे शहामृगाच्या वा इमू पक्ष्याच्या पिसांच्या रुळांनी झाडतात. "आणि तू," मामा म्हणाला, "चिखलावर रंग लावलास."

दोघांनी मिळून दिवसभर पॉलिशपेपरने घासून सायकल पार लोखंडापर्यंत आणली. मुलाच्या बोटांची साले निघाली. मग गंज रोखणारा गेरूसारखा तांबडा थर दिला आणि तेथे पैसे संपले. मामाचा पगार व्हायला पंधरा दिवस होते.

ते पंधरा दिवस तो मुलगा त्या अर्धवट, ओबडधोबड, तांबड्या सायकलवरूनच शाळेत आला. कोणी काही विचारले, तर तो सांगे, "अजून दोन हात व्हायचे आहेत," आणि कोणता थर कशासाठी असतो, ते समजावू लागे. मधल्या सुट्टीत चार-पाच मुले सायकलीभोवती उकिडवी बसून ऐकत असलेली मी खिडकीतून पाहिली आहेत. त्यांत चिडवणारेही होते. त्या पंधरा दिवसांत त्याला एकदाही उशीर झाला नाही.

पुढे त्याने सायकलीला आकाशी रंग दिला. मागच्या मडगार्डचा शेवटचा वीतभर भाग मात्र मामाने त्याला पांढराच ठेवायला लावला.