मालमोटारीचा शिणवटा : तडा वेळीच ओळखा

भोर शहरालगतच्या उत्रोली परिसरातून एकीकडे पुणे-सातारा महामार्ग गाठता येतो, तर दुसरीकडे वरंधा घाट उतरून महाडला जाता येते. खडी, मुरूम, सिमेंट वाहणाऱ्या अवजड मालमोटारींच्या वाट्याला या डोंगरी भागात चढउतार आणि वळणेच अधिक येतात. भरलेल्या गाडीचा आस किंवा सांगाडा घाटात मोडला, तर चालकासह रस्त्यावरील इतरांच्याही जिवावर बेतते. असे मोडणे अचानक झाल्यासारखे वाटते. परंतु पोलादाने त्याची सूचना बहुधा आधीच दिलेली असते.

तार एकदा वाकवून तुटत नाही. पुनःपुन्हा वाकविली की तुटते. धातूच्या या दोषास शिणवटा म्हणतात. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडून पन्नासांहून अधिक प्रवासी दगावले. पुढे वोलर या जर्मन अभियंत्याने आगगाडीच्या आसांवर प्रदीर्घ प्रयोग केले. एका झटक्यात मोडण्यास जेवढा ताण लागतो, त्याहून पुष्कळ कमी ताणही लाखो वेळा पडल्यास पोलाद मोडते, हे त्यांनी दाखवून दिले.

हे लाखो हेलकावे फार लवकर भरतात. दर किलोमीटरला दहा मोठे हादरे आणि दिवसाला शंभर किलोमीटरची फेरी धरली, तर तीनशे दिवसांत तीन लाख हादरे होतात. त्यातच जादा भार घातला, तर हानी भाराच्या प्रमाणात न वाढता कित्येक पटींनी वाढते. वेल्डिंगच्या सांध्यावरील ताण दुप्पट झाला, की त्याचे आयुष्य सुमारे एक अष्टमांशावर येते.

तडा कोठे शोधावा? पाट्यांच्या आधारकंसाभोवती, आडव्या तुळयांच्या सांध्यांशी, वेल्डिंगच्या टोकांशी, छिद्रांच्या कडांना, चाकांच्या बोल्टांभोवती आणि डंपर असल्यास हौद उचलणाऱ्या दट्ट्याच्या व बिजागरीच्या बैठकीशी. गाडी रिकामी करून सपाट जागी उभी करावी, चाकांना उटी लावावी, चिखल व ग्रीस धुऊन काढावे आणि विजेरीचा प्रकाश तिरपा टाकून पाहावे. रंगाला गेलेली बारीक चीर आणि तिच्यातून उतरलेली तांबूस गंजाची रेघ ही पहिली खूण होय.

संशय आल्यास रंगद्रव्याची चाचणी करावी. जागा स्वच्छ करून लाल भेदक द्रव लावतात, काही मिनिटांनी पुसून घेतात आणि वर पांढरे द्रव्य फवारतात. तडा असल्यास पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. पूर्वी कारखान्यांतून तेल व खडूची भुकटी वापरून हेच साधीत असत. आसाच्या आत दडलेला दोष मात्र ध्वनातीत तरंगांच्या तपासणीनेच कळतो.

मोडलेला भागही टाकून देण्यापूर्वी पाहावा. उन्हाळ्यात भाटघरचे पाणी ओसरताना काठावर एकाखाली एक रेषा उरतात. शिणवट्याने मोडलेल्या पृष्ठावर पुष्कळदा तशाच रेषा दिसतात आणि तडा कोठून निघाला, हे त्या सांगतात. उरलेला खरबरीत भाग शेवटच्या क्षणी तुटलेला असतो.

तड्यावर नुसते वेल्डिंग चढविणे ही सर्वांत मोठी चूक होय. आतील तडा तसाच राहतो आणि उष्णतेने भोवतालचे पोलाद दुबळे होते. तड्याच्या टोकाशी छिद्र पाडल्याने तो तात्पुरता थांबतो. पण ती दुरुस्ती नव्हे. निर्मात्याच्या सूचनेनुसार दुरुस्ती करावी किंवा भाग बदलावा. तोवर गाडीत माल भरू नये.

मालवाहू वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांसाठी आणि त्यानंतर एका वर्षासाठी मिळते. दोन तपासण्यांच्या मधील लाखो हादऱ्यांवर लक्ष ठेवणे मालक आणि चालक यांच्याच हाती असते. गाडी धुताना आठवड्यातून एकदा या जागा पाहाव्यात, आढळलेल्या खुणा तारखेसह वहीत नोंदवाव्यात आणि चालकाने तडा दाखविल्यास फेरी थांबविण्याचे धैर्य मालकाने दाखवावे. बुडालेली फेरी भरून काढता येते. घाटात गेलेला जीव परत आणता येत नाही.