पिकअपचा हॉर्न मध्येच गप्प

प्रश्न : माझ्या जुन्या पिकअपचा हॉर्न कधी वाजतो, कधी नाही. नवाच बसवू का?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : घाई करू नका. अधूनमधून वाजणारा हॉर्न बहुधा शाबूत असतो. दोष वायरिंगमध्ये निघतो. हॉर्नच्या वायरी काढून बॅटरीवरून, फ्यूज लावलेल्या वायरीने, थेट १२ व्होल्ट द्या. खणखणीत वाजला तर नवा नकोच. मग रिले आणि अर्थिंग पाहा. चिखल-पाण्याने अर्थिंगचा नट गंजतो. तो पॉलिश पेपरने घासला की पुष्कळदा काम भागते. तरीही अडखळला तर स्टिअरिंगमधले बटणाचे कॉन्टॅक्ट इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. एअरबॅग असेल तर स्वतः मुळीच उघडू नका. फ्यूज उडतो म्हणून जास्त अँपिअरचा घालू नका, वायर पेटू शकते. दुरुस्ती होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.