वार अंगावर घेऊ नका, अंग बाजूला घ्या

समोरून काठी आली की आपला हात आपोआप डोक्यावर जातो. डोके वाचते, पण हात मोडतो. मनगटापासून कोपरापर्यंत करंगळीच्या बाजूचे जे हाड आहे, ते कातडीच्या लगेच खाली असते. त्यावर स्नायूंची गादी नसल्याने थेट वाराने ते तुटते.

कराटेत यावर ‘ताई साबाकी’ सांगितली आहे, म्हणजे अंग वळवून वाराच्या रेषेबाहेर जाणे. जुजुत्सू शिकलेल्या हिरोनोरी ओत्सुका यांनी आपल्या वाडो-र्यू शैलीत तिला विशेष महत्त्व दिले. नागपूरच्या आखाड्यांत लाठी फिरवलेल्यांना यात नवे वाटणार नाही. आपण त्यालाच पवित्रा बदलणे म्हणतो.

सरळ मागे हटू नये. पुढे धावणारा मागे सरकणाऱ्याला सहज गाठतो, शिवाय मागचा दगड दिसत नाही. एक पाऊल तिरपे, पुढे व बाजूला टाकावे. गुडघे किंचित वाकलेले असावेत, पायात पाय अडकू देऊ नये. पाऊल जमिनीत रोवून नुसती कंबर पिळली तर गुडघा दुखावतो. म्हणून टाच हलकी उचलून चवड्यावर वळावे. हात मात्र छातीपुढेच ठेवावेत.

सरावासाठी जोडीदाराने गुंडाळलेले वर्तमानपत्र सावकाश डोक्यावर आणावे. (हा अंक वाचून झाल्यावर चालेल!) आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे सकाळी लवकर उरकावे. गुडघेदुखी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

तरीही मार बसून हात सुजलाच, तर तेल चोळू नये. फळीचा आधार देऊन हात झोळीत घ्यावा आणि एक्स-रे काढावा.