रक्तवाहिन्या, संप्रेरके आणि स्त्रियांचे हृदय

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला हे गाव मँगेनीजच्या भूमिगत खाणीसाठी प्रसिद्ध आहे. खाण कामगाराची ठराविक काळाने वैद्यकीय तपासणी व्हावी, अशी कायद्यात तरतूद आहे. त्याच्या घरातील गृहिणीस ती लागू नाही. हृदयविकार हा पुरुषांचा रोग, या समजामुळे तिचा रक्तदाब पुष्कळदा मोजलाही जात नाही. हा समज अपुरा आहे.

पेशींचे कार्य

रक्तवाहिनीच्या आतील बाजूस पेशींचा एकपदरी थर असतो. या पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू निर्माण करतात. त्यामुळे वाहिनीचे स्नायू सैल पडून ती रुंदावते. या वायूच्या कार्यासंबंधीच्या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. इस्ट्रोजेन हे संप्रेरक या वायूची निर्मिती वाढविते. स्त्रीच्या शरीरात ते मुख्यतः बीजकोशातून स्रवते. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनच्या काही भागाचे त्यात रूपांतर होते.

संरक्षण ओसरते तेव्हा

पुरुषातील संप्रेरके वयोमानाने हळूहळू घटतात. स्त्रीचे इस्ट्रोजेन मात्र रजोनिवृत्तीच्या सुमारास थोड्याच वर्षांत झपाट्याने कमी होते. स्त्रियांत हृदयविकार पुरुषांच्या तुलनेने सात ते दहा वर्षे उशिरा दिसतो, टळत नाही. कमी वयात बीजकोश काढले गेल्यास हे संरक्षण अकाली संपते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये शासकीय समितीमार्फत चौकशी झाली. अनावश्यक शस्त्रक्रियेचा प्रश्न हृदयाच्या आरोग्याशीही निगडित आहे, हे यावरून ध्यानात यावे.

गोळ्या घेऊन हे संरक्षण हमखास परत मिळते, असेही नाही. अमेरिकेत रजोनिवृत्त अशा १६,६०८ स्त्रियांवरील संयुक्त संप्रेरकांची चाचणी २००२ मध्ये थांबवावी लागली. गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत हृदयविकार, पक्षाघात व स्तनांचा कर्करोग यांचे प्रमाण अधिक आढळले. म्हणून वैद्यकीय सल्ल्याविना संप्रेरके घेणे धोक्याचे ठरते.

गावपातळीवरील कर्तव्य

तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांचा रक्तदाब व रक्तातील साखर तपासण्याची सोय शासकीय आरोग्य केंद्रांतून करण्यात येते. पंचायत सदस्यांनी महिला ग्रामसभेत या तपासणीचा आग्रह धरावा. शिक्षकांनी खर्रा व तंबाखूचे दुष्परिणाम समजावून द्यावेत. स्त्रियांत हृदयविकाराच्या वेळी छातीतील कळेबरोबर दम लागणे, मळमळ, अतिशय थकवा, पाठ किंवा जबडा दुखणे ही लक्षणेही दिसतात. अशा वेळी पित्त समजून घरी थांबू नये. खाणीत उतरणाऱ्याच्या प्रकृतीची जी काळजी वाहिली जाते, तीच त्याचे घर सांभाळणारीच्या वाट्यासही आली पाहिजे.