घरचा जमाखर्च : मृगापासून रोहिणीपर्यंत

(इयत्ता पाचवी ते सातवी, विषय : गणित व परिसर अभ्यास, तासिका : चार)

विषयाचे महत्त्व

अंकगणिताच्या पुस्तकांत घरखर्चाची जी उदाहरणे असतात, त्यांतील कुटुंबप्रमुख बहुधा नोकरदार असतो. महिन्याच्या आरंभी त्याचा पगार येतो, त्यातून भाडे, किराणा, शिक्षण वगैरे खर्च वजा होतो आणि उरते ती शिल्लक. हा हिशेब शिक्षकाच्या स्वतःच्या घरी जुळतो. परंतु शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर व त्याच्या भोवतालच्या वाड्यावस्त्यांवरून शाळेत येणाऱ्या अनेक मुलांच्या घरी तो जुळत नाही. तेथे पैसा महिन्याच्या मापाने येत नाही. खर्च मात्र रोजचा असतो. म्हणून खेड्यातील मुलास जमाखर्च शिकवावयाचा तर एकक महिना नव्हे, वर्ष धरले पाहिजे. शेतकऱ्याचे वर्ष मृग नक्षत्राने सुरू होते व रोहिणीस संपते. तेच वर्ष या पाठात घेतले आहे.

शिक्षकांसाठी पूर्वमाहिती

मलकापूर हे कोल्हापूर–रत्नागिरी रस्त्यावरील बाजाराचे गाव. विशाळगड जहागिरीचे ठाणे म्हणून ते पूर्वीपासून ओळखले जाते. आंबा घाटाजवळचा हा मुलूख भरपूर पावसाचा. भात, नाचणी व जेथे पाणी आहे तेथे ऊस, ही येथील पिके होत. येथील घरांत पैसा मुख्यतः तीन वाटांनी येतो व तिन्ही वाटांची चाल निरनिराळी असते.

पहिली वाट दुधाची. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६३ साली स्थापन झाला. डेअरीचे बिल दर दहा दिवसांनी निघते. परंतु जनावर भाकड असेपर्यंत ही वाट बंद असते. दुसरी वाट उसाची. ऊस कारखान्यास गेल्यानंतर वर्षातून मोजक्या वेळा मोठी रक्कम हाती येते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत रक्कम द्यावी असा नियम आहे. मात्र सेवा संस्थेचे पीककर्ज त्यातून आधीच वळते होते. तिसरी वाट मुंबईची. घरातील कर्ता मुलगा वा भाऊ तेथून पैसे पाठवितो; पूर्वी ते मनीऑर्डरीने येत, आता बँकेच्या खात्यावर येतात. ही वाट नियमित भासली तरी शाश्वत नसते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा कोकण व घाटमाथ्यावरील कितीतरी घरांच्या मनीऑर्डरी थांबल्या.

हिशेब लिहिण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. रोजच्या व्यवहाराची नोंद ती कीर्द. त्याच नोंदी नावनिशीवार वा बाबवार मांडल्या म्हणजे खतावणी. वर्षअखेरचा मेळ तो ताळेबंद. आणि पुढील वर्षाचा आगाऊ अदमास ते अंदाजपत्रक. ही विद्या सावकार, वाणी व कारकून यांच्या हाती राहिली, शेतकऱ्याच्या हाती आली नाही. त्याचे परिणाम इतिहासात नमूद आहेत. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोखे व खत यांवर होता. ते कागद हिसकावून जाळण्यात आले. जो कागद आपणांस वाचता येत नाही, तोच आपली जमीन नेतो, हे त्यांस कळून चुकले होते. पुढे १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्यात शेतकऱ्यास रकमेची लेखी पावती, वर्षाचा हिशेब व मागणी केल्यास हिशेबाचे पुस्तक मिळण्याचा हक्क दिला गेला. मात्र तो हिशेब लिहिणारा सावकारच होता. वाचणाऱ्याच्या घरी अक्षरज्ञान नसेल तर असा हक्क कागदावरच राहतो.

आजही दुधाची पावती डेअरी लिहिते, उसाचे बिल कारखाना लिहितो आणि उधारीची वही दुकानदार लिहितो. या कागदांत खोटेपणा असतोच असे नव्हे. परंतु घरची स्वतःची नोंद नसेल तर खरेखोटे पडताळून पाहण्यास साधन उरत नाही. ते साधन मुलाच्या हाती देणे हा या पाठाचा हेतू होय.

एक आवश्यक सूचना

कोणत्याही मुलास आपल्या घरची कमाई, कर्ज वा उधारी वर्गात सांगावयास लावू नये. गरिबीची वा व्यसनाची गोष्ट चारचौघांत उघडी पडली तर मूल हिशेब शिकणार नाही. तोंड लपविण्यास मात्र शिकेल. यासाठी वर्गाने एक कल्पित घर मांडावे व सर्व आकडे त्या घराचे असावेत. घरच्या वहीत मुलाने जे लिहिले असेल, ते शिक्षकांनी पाहावयास मागू नये.

पाठाची मांडणी

तासिका पहिली. ‘बेगमी’ या शब्दापासून आरंभ करावा. रोहिणी लागण्यापूर्वी घरात काय काय भरून ठेवतात, असे विचारावे. मुले धान्य, मीठ, मिरची, सुके मासे, सरपण, शेणी, वैरण अशी नावे सांगतील. ती फळ्यावर लिहावीत. पावसाचे चार महिने डोळ्यांपुढे ठेवून आधीच तरतूद करणे हेच अंदाजपत्रक होय, हे येथे स्पष्ट करावे. आई व आजी वस्तूंचे अंदाजपत्रक पूर्वीपासून करीत आल्या आहेत. रुपयांचे तेवढे करावयाचे राहिले आहे.

तासिका दुसरी. पाच माणसांचे एक कल्पित घर घेऊन वर्षाचे दोन भाग पाडावेत. पुढील आकडे केवळ सरावासाठी आहेत.

ऑक्टोबर ते मे. जमा : दूधबिले २४, प्रत्येकी ३,००० रुपये, एकूण ७२,०००, उसाचे हाती आलेले ३५,०००, मुंबईहून दरमहा ४,००० प्रमाणे ३२,०००. एकूण जमा १,३९,००० रुपये. खर्च : किराणा व बाजार ४०,०००, पेंड व पशुखाद्य २४,०००, बेगमी १२,०००, दिवाळी, यात्रा व पाहुणे ११,०००, उसाचे खत ८,०००, वीजबिल, घरपट्टी व औषध ५,०००. एकूण खर्च १,००,००० रुपये. शिल्लक ३९,००० रुपये.

जून ते सप्टेंबर. जनावर भाकड असल्याने दूधबिल नाही. जमा : मुंबईहून १६,००० रुपये. खर्च : किराणा व बाजार २०,०००, बियाणे, खत व भातलावणीची मजुरी १८,०००, वह्या, गणवेश व छत्र्या ६,०००, औषध ४,०००. एकूण खर्च ४८,००० रुपये. तूट ३२,००० रुपये.

मुलांकडून वर्षाचा मेळ घालून घ्यावा. ३९,००० मधून ३२,००० वजा जाता ७,००० रुपये उरतात. म्हणजे हे घर वर्षाच्या हिशेबाने तुटीत नाही. तरीही जुलै महिन्यात ते कर्ज काढील की नाही, हा प्रश्न विचारावा व मुलांस विचार करण्यास वेळ द्यावा.

तासिका तिसरी. उत्तराचा उलगडा करावा. उसाचे बिल हाती पडले तेव्हा ३९,००० रुपये ‘उरलेले’ वाटले. वस्तुतः त्यांतील ३२,००० पावसाळ्याचे होते. ते तेव्हाच खर्ची पडले तर आषाढात दुसऱ्याच्या दारी जावे लागते. दरमहा शेकडा तीन व्याजाने ३२,००० रुपये सहा महिन्यांसाठी घेतले, तर व्याज महिन्यास ९६० व सहा महिन्यांस ५,७६० रुपये होते. वर्षाच्या ७,००० रुपये बचतीतून अवघे १,२४० रुपये उरतात. कमाई कमी झाली नाही, उधळपट्टी झाली नाही, केवळ वेळेचा मेळ चुकला आणि बचत गेली. हेच या पाठाचे मर्म होय. ते मुलांनी स्वतःच्या आकडेमोडीने शोधून काढावे, शिक्षकांनी आधी सांगू नये.

तासिका चौथी. वही आखून घ्यावी. तारीख, तपशील, जमा, खर्च व शिल्लक असे पाच रकाने पुरेत. तीन नियम शिकवावेत. पहिला : उधारीवर आणलेली वस्तू आणली त्याच दिवशी खर्चात लिहावी व पुढे ‘देणे’ अशी खूण करावी, मोबाईलवरून दिलेली रक्कमही त्याच वेळी लिहावी, कारण नोट हातातून न गेल्याने ती विसरण्याचा संभव अधिक. दुसरा : ज्या रकमेचा तपशील आठवत नाही ती ‘किरकोळ’ म्हणून लिहावी, परंतु लिहावीच, महिन्याअखेर ‘किरकोळ’ फार वाढले तर आठवण कोठे निसटते ते कळते. तिसरा : बिलातून कापून घेतलेली रक्कमही लिहावी. दूधबिल ३,००० चे असून पशुखाद्याचे १,००० वळते झाले, तर जमा ३,००० व खर्च १,००० अशा दोन नोंदी होतात. केवळ २,००० जमा लिहिल्यास दुधाचा धंदा पदरात खरोखर किती टाकतो हे कधीच समजत नाही.

घरच्या माणसांचा सहभाग

घरातील व्यवहार बहुधा आईच्या स्मरणात असतो. रतिबाच्या दुधासाठी भिंतीवर कोळशाने रेघा ओढून चोख हिशेब ठेवणाऱ्या स्त्रिया प्रत्येक गावात आहेत. म्हणून रोज सायंकाळी आईने सांगावे व मुलाने लिहावे, अशी पद्धत ठेवावी. मुलाने घरच्यांस जाब विचारू नये. त्याचे काम लेखनिकाचे आहे. वडील माणसांचा खर्च योग्य की अयोग्य, हे ठरविणे त्याच्याकडे नाही. वही मात्र घरात सर्वांस दिसेल अशी ठेवावी. लिहिलेला आकडा न बोलता पुष्कळ सांगतो.

स्वाध्याय

१. वरील कल्पित घरात मुंबईचे पैसे डिसेंबरपासून मेअखेरपर्यंत सहा महिने आले नाहीत, तर वर्षाचा मेळ काय होईल? कोणता खर्च पुढे ढकलता येईल व कोणता येणार नाही?

२. पावसाळ्यासाठी ३२,००० रुपये २४ दूधबिलांतून समान भागांनी बाजूला ठेवावयाचे, तर प्रत्येक बिलातून सुमारे किती ठेवावे लागतील? ते साधेल काय? न साधल्यास उसाच्या रकमेतून किती घ्यावे?

३. घरी चहापूड, साखर व गोडेतेल आठवड्यास किती लागते ते मापून लिहा. त्यावरून जून ते सप्टेंबरचा साठा ठरवा.

दुसऱ्या स्वाध्यायाचे उत्तर प्रत्येक बिलामागे सुमारे १,३३३ रुपये असे येते. पशुखाद्य भागवून एवढी रक्कम बाजूला काढणे कठीण, हे मुलांच्या ध्यानी येईल. मग उसाच्या रकमेकडे त्यांचे लक्ष आपोआप वळेल. शिक्षकांनी तेथे थांबून वाटणी मुलांवर सोपवावी. निरनिराळ्या मुलांची वाटणी निरनिराळी येईल, आणि मेळ बसत असेल तर ती सर्व बरोबर समजावीत.