दहा वेळा ०.१

दहा पैशांची दहा नाणी म्हणजे एक रुपया, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. कॉम्प्युटरला कळत नाही, हे मला प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री समजलं.

सिम्युलेशन एकच, माझं सी मध्ये, रूम-पार्टनरचं पायथनमध्ये. वेळ शून्यापासून सुरू करायची, दर फेरीला ०.१ सेकंद मिळवायचा, वेळ १ पेक्षा कमी आहे तोवर लूप चालवायचा. सरांची अट अशी की दोन्ही आउटपुट जुळले तरच सही. माझ्या दहा ओळी आल्या, त्याच्या अकरा! "तुझाच लूप चुकलाय," असं मी त्याला सगळ्या विंगसमोर सुनावलं. तो काही न बोलता मेसला निघून गेला.

मग मी एकटाच बसलो. लूपनंतरची वेळ माझ्याकडे १.०००००० दिसत होती. पण सी चा साधा प्रिंट सहाच दशांश स्थळं दाखवतो. सतरा अंक मागितल्यावर खरं रूप दिसलं : १.००००००११९... आणि पायथनमध्ये दहा बेरजांनंतर? शून्य, टिंब आणि पुढे सोळा नऊ. म्हणजे अजून १ पेक्षा कमीच, म्हणून अकरावी फेरी!

कारण असं, की आपल्याला जसा एक-तृतीयांश दशांशात पुरता लिहिता येत नाही, तसा बायनरीत ०.१ पुरता लिहिता येत नाही. कुठेतरी तोडावाच लागतो. १९८५ च्या आय-ट्रिपल-ई ७५४ स्टँडर्डनुसार फ्लोटमध्ये २४ बिटांवर तुटतो, डबलमध्ये ५३ वर. पायथनचा साधा दशांश आकडा डबलच असतो. मी मात्र जागा वाचवायला (कुणासाठी, देव जाणे) फ्लोट लिहिलं होतं.

फ्लोटचं डबल केलं. अकरा ओळी, तंतोतंत जुळल्या! नाचत सरांकडे गेलो. सरांनी फक्त विचारलं, "एका सेकंदात ०.१ चे अकरा टप्पे?"

दोघंही चुकलो होतो, फक्त आता सारखेच. शेवटी फेऱ्या पूर्णांकात मोजल्या, ० ते ९, आणि वेळ काढताना त्या आकड्याला १० ने भागलं. दोन्हीकडे दहा ओळी.

जाता जाता : २०२३ च्या पायथन ३.१२ पासून तयार सम फंक्शन दहा वेळा ०.१ ची बेरीज १.० देतं, पण हाताने लिहिलेला लूप अजून तेच सोळा नऊ देतो. तेव्हा पार्टनरला सुनावण्याआधी सतरा अंक छापून बघा. मला त्या सहीनंतर आठवडाभर त्याचा चहा भरावा लागला.